रहीमभाईंना ऐकू न आलेली शिट्टी

अब्दुल रहीम वल्द अब्दुल करीम. जन्म १४ जून १९५१, मृत्यू १९ जानेवारी २०२४. दोन्ही अकोल्यात, ताजनापेठेतील एकाच घरात. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. व्यवसाय रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा, एकोणपन्नास वर्षे, एकाच दुकानात. दुकान आठ फूट रुंद आणि दहा फूट खोल होते. त्यातला पुढचा अर्धा भाग मुलगा मोईज याने मोबाइलच्या कामासाठी घेतला, तेव्हा रहीमभाई आपले टेबल घेऊन मागे सरकले. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्यांच्या कामाची एक रीत होती. सेट दुरुस्त झाला की इतर कारागीर त्यावर एखादे गाणे लावून गिऱ्हाइकाला खूश करीत. रहीमभाई गाणे लावीत नसत. सेट चालू करायचा, आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवायची आणि आत काहीही न लावता डोळे मिटून बसायचे. रिकाम्या सेटमधून काहीही ऐकू आले नाही, तर काम पुरे. "गानं तं बिघडलेल्या सेटवरही गोड लागते," ते म्हणत. "मानूस असो की सेट, गप्प बसला का पारख होते." या परीक्षेला ते पाच मिनिटे देत. मग चिठ्ठीवर पेन्सिलीने एकच शब्द लिहून ती दोऱ्याने सेटच्या कळीला बांधत : साफ. अकोल्यात, पातुरात, दर्यापुरापर्यंत त्या शब्दावर कोणी फेरतपासणी केली नाही.

साठी ओलांडल्यावर एकदा मोईजने सहज विचारले होते, की हे किती दिवस चालवायचे. तेव्हा रहीमभाईंनी उत्तर दिले होते, "जिस दिन खराबी मेरे को सुनाई नहीं देगी, उस दिन शटर नीचे." बोलणे तेवढ्यावर संपले, पण बापाचा शब्द मोईजच्या लक्षात राहिला आणि बापाच्या तर राहिलाच राहिला. पुढे गुडघे गेले, गिऱ्हाईक आटले, दिवसाकाठी एखादा सेट येऊ लागला. तरी ते रोज साडेनऊला येऊन बसत. थकवा एवढा असे, की टेबलापाशी बसल्यावर पेचकस हाती घ्यायलाच पंधरा मिनिटे लागत. पण कान आहेत तोवर दुकान आहे, असा त्यांचा हिशेब होता.

८ मे २०२३ रोजी मोईजच्या फोनवर एका कागदाचे छायाचित्र आले. कागद अमरावतीहून खुशालराव भुयार यांनी पाठवला होता. हे गृहस्थ पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे शाईने उतरवून काढण्यात त्यांची नोकरी गेली. त्यातली आठ वर्षे ते अकोल्यात होते आणि त्याच काळात, १९८३ साली, रहीमभाईंनी त्यांना एक अ‍ॅम्प्लिफायर आणि धारणीच्या सागवानाच्या पेट्यांत बसवलेले दोन स्पीकर बनवून दिले होते. ते अजून चालत होते. खुशालराव रोज संध्याकाळी सहा ते सात त्यावर गाणी ऐकत. पूर्वी कॅसेटवर, आता मुलगी रागिणी हिने दिलेल्या लॅपटॉपवर.

छायाचित्रात एक तक्ता होता. अक्षर छापल्यासारखे. तारीख, वेळ, हवामान आणि शेवटच्या दोन रकान्यांना शीर्षके : 'घूं' आणि 'शिट्टी'. खाली खुलासा होता. एप्रिलच्या उन्हात लॅपटॉपची बॅटरी फुगली. ती काढून टाकावी लागली आणि त्या जुन्या नमुन्याची दुसरी मिळाली नाही. तेव्हापासून लॅपटॉप फक्त अ‍ॅडॅप्टरवर चालतो आणि अ‍ॅडॅप्टर लावला की स्पीकरमधून आवाज येतो. पूर्वी त्रास नव्हता, कारण सकाळी चार्ज करायचे आणि संध्याकाळी वायर काढून ऐकायचे, असा त्यांचा नियम होता. शेवटी लिहिले होते : 'आपण तयार केलेल्या सेटविषयी परक्या माणसाचा सल्ला घेणे प्रशस्त वाटत नाही.'

हे शेवटचे वाक्य मोईजने दोनदा वाचून दाखवले. रहीमभाई म्हणाले, "जाना पडेगा."

१३ मे, शनिवार. अकोल्याहून साडेसातची बस. मूर्तिजापूर, बडनेरा, मग अमरावती. तिथून रिक्षाने साईनगर. ऊन सकाळीच चढले होते. मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन रहीमभाई पूर्ण प्रवासभर खिडकीच्या दांडीला धरून बसले होते. दारात पोचले तेव्हा खुशालराव घड्याळ पाहत उभे होते. वय चौऱ्याहत्तर, सदरा इस्त्रीचा.

"या, रहीमभाई. साडेधाची वेळ ठरली होती. पावणेअकरा झाले."

"बस मूर्तिजापुरात चहा पेत बसली, साहेब. मी खाली उतरून ढकलू का तिले?"

"आल्या आल्या हजेरी घेऊन रायले का?" आतून मैनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. खुशालरावांच्या त्या पत्नी, अडुसष्ट वर्षांच्या, आवाज खणखणीत. "बसा, भाऊ. ह्यायच्या तक्त्यात तुमच्यासाठी बी एक रकाना असन."

बैठकीच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर जुन्याच जागी होता. लॅपटॉप मात्र २००८ साली वाढवलेल्या शेजारच्या खोलीत, टेबलावर. तिथून लांब वायर दाराच्या चौकटीला खिळ्यांनी नीट ठोकत बैठकीत आणलेली. खुशालरावांनी सेट लावला. रहीमभाई खुर्चीत टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. स्पीकरमधून घूं असा जाड, एकसुरी आवाज येत होता, गव्हाच्या कोठीत भुंगा अडकावा तसा.

"इथला एक दुकानदार म्हने, प्लगची जाडी पिन तोडून टाका, आवाज बंद होईल," खुशालराव म्हणाले.

"बरोबर म्हने. आवाज बंद होईल. एखाद्या दिवशी तुमचाही होईल." रहीमभाई डोळे न उघडता बोलले. "तिसरी टांग कधी तोडू नका, साहेब. ती मोडली तं हात लावनारा मरते."

कारण सापडायला वेळ लागला नाही. लॅपटॉपला वीज नव्या खोलीच्या बोर्डातून, अ‍ॅम्प्लिफायरला जुन्या. दोन बोर्डांमधून फिरून येणारी वीज त्या लांब वायरीत घुसत होती. रहीमभाईंनी लॅपटॉप उचलून बैठकीत आणला. उचलताना त्याच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली आणि बोटांत मुंग्या आल्या, जशा मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायात येतात. आजकाल त्यांच्या अंगात कुठे ना कुठे मुंग्या येतच असत. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले, वायर आखूड केली, एक टाका नव्याने मारला. घूं बंद झाली.

मग नेहमीची परीक्षा. कळ शेवटपर्यंत, गाणे नाही, डोळे मिटलेले. पाच मिनिटे. रहीमभाईंना काहीही ऐकू आले नाही. चाळीस वर्षांपूर्वी आपण बनवलेला सेट अजून इतका गप्प बसू शकतो, याचे त्यांना बरे वाटले.

"साफ," ते म्हणाले. "ऐका. काहीच नाही."

"काहीच नाही कसं, भाऊ?" मैनाबाई दाराशी उभ्या होत्या. "शिट्टी तं वाजूनच रायली. लांब कोनाच्या घरी कुकर लागला असावा, अशी."

रहीमभाईंनी खुशालरावांकडे पाहिले. खुशालरावांनी मान थोडी कलती केली, ऐकले आणि म्हणाले, "आहे. बारीक आहे, पन आहे."

रहीमभाई उठून स्पीकरपाशी गेले. सागवानाच्या जाळीला कान लावला. जाळीवरची धूळ कानाला लागली. दुसरे काही लागले नाही. त्यांनी दुसरा कान लावला. घरात पंखा फिरत होता तो ऐकू येत होता, रस्त्यावरचा भंगारवाला ऐकू येत होता. शिट्टी नव्हती. आणि समोर दोन माणसे ती ऐकत उभी होती.

एकोणपन्नास वर्षांत जे केले नव्हते ते त्यांनी त्या क्षणी केले. सरळ उभे राहून ते म्हणाले, "स्पीकर जुने आहेत, जोडनी नवी आहे. एकमेकाले रुळायले वेळ लागते. दोन-चार दिवसांत जाईल."

"दोन का चार?" खुशालरावांनी नोंदवही उघडली होती.

"लिहा चार."

खुशालरावांनी तारीख घातली आणि लिहिले. पेनचे टोक कागदावर फिरताना रहीमभाई दुसरीकडे पाहत होते. दुपारी मैनाबाईंनी रसाचे जेवण वाढले. त्यांनी आग्रह केला म्हणून रहीमभाईंनी वाटी संपवली.

परतीच्या बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली, तरी शीण उतरला नाही. ते थकले होते, पण त्या दिवसाचा थकवा गुडघ्यांचा नव्हता. त्यांच्या साऱ्या कामाचा पाया एकच होता : सेट गप्प बसला की काम चोख. ऐकणाराच बहिरा होत चालला असेल, तर त्याच्यापुढे प्रत्येक सेट गप्प बसणार, आणि प्रत्येक सेटवर तो 'साफ' लिहिणार. बडनेरा मागे पडल्यावर हा विचार त्यांच्या मनात आला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांना मागच्या दोन-तीन वर्षांतल्या चिठ्ठ्या आठवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते. रहीमभाईंनी फळीवरून एक जुनी पेटी काढली. तीत एक मोठी कळ होती. ती फिरवली की जाड आवाज हळूहळू बारीक होत जाई. कळीभोवती, सेकंदाला किती कंपने याचे, आकडे त्यांच्याच हाताने रंगवलेले होते. त्यांनी मोईजला बोलावले.

"जब तक सुनाई दे, हाथ ऊपर रख."

मोईजने हात वर केला. रहीमभाई कळ फिरवू लागले. आवाज बासरीसारखा झाला, मग डासासारखा, मग तो नाहीसा झाला. त्यांनी कळीकडे पाहिले : साडेतीन हजार. मग मोईजकडे पाहिले. त्याचा हात वरच होता. त्यांनी कळ आणखी फिरवली. पाच हजार. आठ हजार. दुकानात त्यांना तरी काहीच वाजत नव्हते आणि एक्केचाळीस वर्षांचा मुलगा शाळेतल्यासारखा हात वर करून उभा होता. बारा हजारांच्या पुढे तो हात खाली आला.

मोईजला शटरचा शब्द आठवत होता. तो एवढेच म्हणाला, "अब्बा, चाय बोलूँ?"

"बोल. और वो पाँच सेट उतार."

फळीवर त्या महिन्यात 'साफ' ठरलेले पाच सेट होते. मोईजने एकेक लावून ऐकला. तीन सेटांत काही नव्हते. दोन सेटांत शिट्टी होती. त्यातल्या एकाचे कारण मोईजच्या कानांनी आणि रहीमभाईंच्या हातांनी मिळून सापडले. दुसरा पातूरच्या देवमन इंगळे यांचा जुना रेडिओ होता. तो काही केल्या सुधारला नाही. रहीमभाईंनी त्याची चिठ्ठी तोडून खिशात टाकली.

शटर खाली करायचे, हे त्यांच्या मनाने तिथेच घेतले होते. पण अमरावतीच्या एका वहीत त्यांच्या नावापुढे एक खोटे वाक्य लिहिलेले होते आणि ते तसेच ठेवून शटर खाली केले, तर त्या एकोणपन्नास वर्षांना काय अर्थ राहणार होता? शब्द मागे घ्यायचा, तर आधी शिट्टी घालवायला हवी होती. न ऐकता घालवायला हवी होती.

अमरावतीहून परतल्याच्या दहाव्या दिवशी पुन्हा छायाचित्र आले. खुशालरावांनी तक्रार केली नव्हती. तक्त्यात फक्त एक ओळ वाढली होती : 'शिट्टी आहे. कारागिराने दिलेली मुदत संपून सहा दिवस.'

"मैं चलता हूँ साथ में," मोईज म्हणाला. "मेरे कान ले लो."

"तेरे कान दुकान पे रहने दे. यहाँ भी लगेंगे."

कानांचा भरवसा संपल्यावर रहीमभाईंनी बाकीच्या अवयवांचा विचार सुरू केला होता आणि तेव्हा त्यांना त्या बोटांतल्या मुंग्या आठवल्या होत्या. त्या म्हातारपणाच्या नव्हत्या. लॅपटॉपच्या पत्र्यावरच्या होत्या. दुसऱ्या सकाळी त्यांनी पिशवीत एक होल्डर, दोन वायरी आणि शंभर वॅटचा पिवळा दिवा घेतला. दिवा फुटू नये म्हणून तो फरजानाच्या, म्हणजे त्यांच्या सुनेच्या, जुन्या ओढणीत गुंडाळला.

या खेपेला बस वेळेवर पोचली. खुशालरावांनी घड्याळ पाहिले आणि आत वाट दिली. रहीमभाईंनी सेटकडे पाहिलेसुद्धा नाही. लॅपटॉप चालू करून त्याच्या पत्र्यावर हाताची मागची बाजू हलकेच फिरवली. मुंग्या होत्या. मग त्यांनी दिव्याची एक वायर बोर्डाच्या चालू भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या, धरली.

"साहेब, हा दिवा झक्क पेटला पाहिजे. पाहा."

दिवा पेटला नाही. आतली तार फक्त लाल झाली, राखेतल्या निखाऱ्यासारखी.

"याचा अर्थ?" खुशालराव पुढे झुकले.

"मोरीचं पानी नालीनं गेलं पाहिजे का नाही? नाली तुंबली तं ते कुठं येते? घरात. ह्या अ‍ॅडॅप्टरचा मळ तिसऱ्या पिनीतून जमिनीत जाते. तुमची जमीन तो घेऊन नाही रायली. मंग तो गान्याच्या वायरीतून स्पीकरात येते आन् शिट्टी मारते. सेटचा काही गुन्हा नाही. अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

खुशालरावांचा चेहरा उजळला. घरासंबंधीचा कोणताही प्रश्न त्यांना आवडत असे. कपाटातून एक नळी काढून त्यांनी १९९१ सालचा घराचा नकाशा टेबलावर पसरला. स्वतःच्या हाताने काढलेला. पाण्याच्या नळ्या निळ्या, सांडपाण्याच्या तपकिरी, प्रत्येक चेंबरला क्रमांक. त्यांचे बोट सगळीकडे फिरले आणि थांबले. अर्थिंगची खूण कुठेच नव्हती. तो खड्डा वीजवाल्याने वास्तुशांतीनंतर येऊन खणला होता आणि नकाशा त्याआधीच पुरा होऊन गुंडाळला गेला होता.

"नाही," ते म्हणाले. बत्तीस वर्षांत त्या नकाशाविषयी हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला.

"मले माहीत आहे कुठं आहे," मैनाबाई म्हणाल्या. "पन मले कोन विचारते?"

"विचारतो. सांग."

"तुमच्या फरशीखाली."

घरामागे भांडी घासायच्या ओट्याशेजारी एक खड्डा होता. वीजवाल्याने जाताना सांगितले होते, की बाई, उन्हाळ्यात इथे रोज पाणी टाकत जा. वऱ्हाडातल्या काळ्या मातीचे हेच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि लोखंडाच्या नळीला सोडून बाजूला होते. मैनाबाई तीस वर्षे भांड्यांचे विसळलेले पाणी तिथे टाकत आल्या. मग २०२१ च्या दिवाळीत खुशालरावांच्या लक्षात आले, की त्या ओलीमुळे भिंतीचा रंग सुटतो. त्यांनी मागचे अंगण सिमेंटच्या ठोकळ्यांनी चोख फरसबंद करून घेतले आणि पाणी नालीत सोडण्याचा नियम केला.

"म्या तवाच म्हनलं होतं, तिथं पानी लागते."

"तू म्हनाली होतीस, लिंबाच्या झाडाले लागते."

"लिंबाचं बी म्हनलं होतं आन् ह्याचं बी. तुमी अर्धंच लिहून घेतलं."

खुशालराव उठले. ते पहार घेऊन मागे गेले. पारा पंचेचाळीसला टेकला होता. मैनाबाईंनी पायाने जागा दाखवली आणि खुशालरावांनी, दर चार घावांनंतर थांबत, सहा ठोकळे उपसले. रहीमभाई ओट्यावर बसून ते उचलून बाजूला रचत होते. दोघांचाही श्वास ऐकू येत होता. खाली माती उघडी पडली. तिच्यात अशी भेग होती, की पंजा मनगटापर्यंत आत जाईल. मधोमध गंजलेल्या नळीचे टोक, आणि तिच्याभोवती बोटभर मोकळी जागा. माती तिला कुठेच शिवत नव्हती.

नळाला पाणी एक दिवसाआड येत असे आणि तो दिवस कोरडा होता. टाकीत होते ते घरखर्चाचे. मैनाबाईंनी थोडा विचार केला आणि कूलरच्या पाण्याचे पिंप दाखवले.

"कूलर बंद करा. आज दुपारी जमिनीले पाजू."

कूलर बंद झाला. घर लगेच तापू लागले. खड्ड्यात त्यांनी खडे मीठ टाकले, चुलीच्या कोळशाचा चुरा टाकला आणि बादलीमागून बादली पाणी ओतले. पहिल्या तीन बादल्या कुठे गेल्या ते कळलेच नाही. पाचवीला बुडबुडे आले. आठव्या बादलीला पाणी वर दिसले आणि हळूहळू पुन्हा खाली गेले. "आता बसा," रहीमभाई म्हणाले. "ती पेऊन रायली. तिले घाई चालत नाही."

तासभर तिघे बैठकीत, घामाने भिजलेले, बसून राहिले. रहीमभाई मधून मधून दिवा लावून पाहत. तार लालची नारिंगी झाली, नारिंगीची पिवळी. शेवटी दिवा डोळे दिपावेत असा पेटला. त्यांनी तो बाजूला ठेवला, लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवला. पत्रा पत्र्यासारखा लागला. मग त्यांनी सेट लावून कळ शेवटपर्यंत फिरवली आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. ते मैनाबाईंकडे पाहत बसले.

मैनाबाईंनी पदराने कान पुसला. खूप वेळ ऐकले.

"गेली," त्या म्हणाल्या.

खुशालरावांनी मान हलवली. "गेली."

रहीमभाई म्हणाले, "मले कधी आलीच नव्हती."

दोघे त्यांच्याकडे पाहू लागले.

"त्या दिवशी मले ती शिट्टी ऐकू आली नाही, साहेब. आजही नाही. रुळतील म्हनून जे सांगतलं ते खोटं होतं. माहे कान गेले. साडेतीन हजाराच्या वरचं काहीच येत नाही. तुमच्या वहीत ते वाक्य आहे, ते दुरुस्त करा."

मग मैनाबाई उठता उठता म्हणाल्या, "त्याचं काय येवढं, भाऊ? तुमाले शिट्टी ऐकू येत नाही. ह्यायले तं लग्नापासून माहं बोलनं ऐकू येत नाही, आन् हे नोकरी करून रिटायर झाले." त्या चहा ठेवायला गेल्या.

खुशालरावांनी वही काढली. खोडाखोड त्यांना मान्य नव्हती. जुन्या ओळीला हात न लावता त्यांनी खाली नवी ओळ सुरू केली. "काय लिहू?"

"झालं तसं लिहा."

त्यांनी लिहिले आणि कार्यालयात वाचत तसे वाचून दाखवले : "दिनांक २४ मे २०२३. शिट्टीचे कारण : अर्थिंगच्या खड्ड्यावर मालकाने घातलेली फरशी. कारण शोधले अब्दुल रहीम यांनी, स्पर्शाने व दिव्याने. जागा दाखवली मैनाबाई यांनी. दिनांक १३ चा अभिप्राय कारागिराने स्वतः मागे घेतला." मग पेन थांबवून त्यांनी विचारले, "कानाचं लिहू का?"

"लिहा."

"मले जरुरी वाटत नाही," खुशालराव म्हणाले आणि वही मिटली.

निघताना रहीमभाईंनी सांगितले, की भादव्यात माती फुगून बसली की मी एकदा येऊन दिव्यावर तपासून जाईन. म्हणून दिवा आणि होल्डर इथेच राहू द्या, एवढे ओझे कोण नेते-आणते. खुशालरावांनी ते सामान ओढणीसकट कपाटात ठेवले.

जून संपताना रहीमभाईंनी दुरुस्तीचे काम बंद केले. मागच्या अर्ध्या भागाला वेगळे शटर नव्हते, त्यामुळे खाली काहीच ओढता आले नाही. त्यांनी टेबलावर एक चादर टाकली. फळीवरचे सेट एकेक करून मालकांकडे गेले. पातूरचे देवमन इंगळे आले, तेव्हा रहीमभाईंनी सांगितले, की तुमच्या रेडिओत शिट्टी राहिली आहे आणि ती माझ्याने जात नाही. देवमन पंचाहत्तरीचे. त्यांनी रेडिओ लावला, कान लावला, दुसरा कान लावला. "मले तं कायी ऐकू येत नाही, बावा," ते म्हणाले. "काहून अडवून ठेवता मंग?" रहीमभाईंनी चिठ्ठीवर 'शिट्टी आहे' असे लिहून ती दोऱ्याने कळीला बांधली आणि मगच रेडिओ सोडला. त्यानंतरही ते रोज साडेनऊला दुकानात येऊन बसत. कोणी सेट आणला तर सांगत, "माहे कान गेले, मोईजले दाखवा." मोईज तो ऐकून घेई, आणि काय ऐकू आले ते बापाला सांगे. दोघांच्या मिळून चार-सहा दुरुस्त्या झाल्या. त्यांवर 'साफ' ही चिठ्ठी बांधली नाही.

भादव्यात गुडघे फार सुजले आणि अमरावतीला जाणे राहिले. थंडीत छातीचे निमित्त झाले आणि १९ जानेवारीला ते गेले.

खुशालरावांनी नकाशा पुन्हा पसरून मागच्या अंगणात अर्थिंगची खूण लाल शाईने घातली. खाली तारीख आणि 'अ. रहीम, अकोला' असे लिहिले. ते सहा ठोकळे त्यांनी परत बसवले नाहीत. तिथली भिंत आता पुन्हा ओल धरते, रंग सुटतो आणि मैनाबाई रोज भांड्यांचे पाणी तिथेच टाकतात. त्या एका चौकोनाकडे खुशालराव पाहत नाहीत. मातमपुरशीला, मोईजच्या दुखवट्याला भेटायला, ते अकोल्याला गेले, तेव्हा दिवा आणि होल्डर बरोबर नेला होता. मोईज म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडं, काका. अब्बांनी तपासायचं म्हनून ठेवला होता नं? त्यायचं तपासनं बाकी आहे." खुशालरावांना दुसऱ्याचे अवजार घरात ठेवणे पटत नाही, पण त्यांनी दिवा पुन्हा ओढणीत गुंडाळला. ते सामान घेऊन परत आले. घरातल्या वस्तूंच्या यादीत त्याची नोंद आहे : 'दिवा एक, होल्डर एक, ओढणी एक. मालकी रहीमभाई यांची. तपासणी बाकी.'